नाव गावाचे, हात कारागिराचा

कापशीची चप्पल, हुपरीची चांदी, मिरजेची सतार, बीदरची बिद्री. आपल्याकडच्या बहुतेक हस्तकला गावाच्या नावाने ओळखल्या जातात. यांपैकी अनेक नावांना आता कायद्याचे संरक्षणही मिळाले आहे. मात्र नाव सुरक्षित झाले म्हणजे कला सुरक्षित झाली, असे मानता येईल काय?

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कागल तालुक्यात, बिद्री हे गाव लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव पश्चिम महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. हस्तकलेची आवड असलेल्या शहरी माणसाला मात्र 'बिद्री' म्हटले की ऊस आठवत नाही. काळ्याभोर धातूवर चांदीची वेलबुट्टी उमटवलेली फुलदाणी किंवा पानदान डोळ्यांसमोर येते. ती बिद्री कागल तालुक्यातली नव्हे. ती शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बीदरची. 'बीदरची ती बिद्री' इतका सरळ अर्थ त्या नावात आहे.

नावाचा हा योगायोग एका मोठ्या विषयाकडे लक्ष वेधतो. एखादी कला गावाच्या नावाने का ओळखली जाते? आणि ती त्या गावात टिकते किंवा टिकत नाही, ते कशामुळे?

बीदरचे उदाहरण घेतले तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मातीत सापडते. बिद्रीचे भांडे मुख्यतः जस्ताचे असते. त्यात थोडे तांबे मिसळतात. वाळूच्या साच्यात ओतलेले भांडे कानशीने घासून गुळगुळीत केले जाते. मोरचुदाच्या पाण्याने त्याचा पृष्ठभाग तात्पुरता काळा करून त्यावर नक्षी रेखाटतात आणि बारीक छिन्नीने कोरतात. कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवला जातो. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून तापवतात आणि भांडे त्यात बुडवतात. जस्त कायमचे काळे पडते, चांदी मात्र पांढरीच राहते. कोणती माती चालेल हे अनुभवी कारागीर ती जिभेवर ठेवून सांगतो. बहामनी काळापासून चालत आलेल्या या कलेला २००६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०२३ मध्ये बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली.

म्हणजे कलेच्या मागे लागलेले गावाचे नाव हे केवळ कौतुकाचे बिरुद नसते. त्या जागची माती, पाणी, झाडपाला, जनावरे, आसपासचे गिऱ्हाईक आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणारी घरे या साऱ्यांचा हिशेब त्या नावात मांडलेला असतो. या हिशेबातील एखादी रक्कम गळाली की नाव तेच राहते आणि कला पोकळ होऊ लागते. कोल्हापूर परिसरातील हस्तकलांकडे या दृष्टीने पाहिले तर अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

कापशीची वहाण

ज्या कागल तालुक्यात बिद्री आहे, त्याच तालुक्यात चिकोत्रा नदीच्या खोऱ्यात सेनापती कापशी हे गाव आहे. आज सरसकट 'कोल्हापुरी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चपलेच्या घाटांपैकी एक घाट या गावाच्या नावाने 'कापशी' म्हणून ओळखला जातो. पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी हे आणखी काही घाट. 'कोल्हापुरी' हे एकच नाव पुढे मोठ्या बाजारपेठेने रूढ केले. मुळात गावागणिक घाट वेगळा आणि त्याचे नावही वेगळे होते.

अस्सल कोल्हापुरी चपलेचे वैशिष्ट्य तिच्या कातड्यात आहे. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढलेले कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावले जाते. जुन्या पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून टांगत आणि त्यात हे पाणी भरत. ते हळूहळू झिरपून कातडे पक्के होई. या कामाला आठवडे लागतात. रासायनिक पद्धतीने क्रोमियम वापरून कमावलेले कातडे त्या मानाने फार लवकर तयार होते, परंतु त्यात तो टणकपणा आणि घाम शोषण्याचा गुण येत नाही. तळाला म्हशीचे वा बैलाचे जाड कातडे, वेणीला शेळीचे मऊ कातडे, रापीने कापणे, आरीने भोके पाडणे आणि चामड्याच्याच वादीने शिवणे अशी ही रीत आहे. जुन्या चपलेत लोखंडी खिळा नसे. दोन्ही बाजूंचे 'कान', मधला पट्टा, अंगठा आणि वेणी यांची जोडणी सगळी हाताची.

यातील प्रत्येक पायरीवर वेगळे हात काम करीत. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे, वहाण शिवण्याचे चर्मकारांकडे, तर वेणी घालणे आणि बारीक सजावट ही कामे बहुधा घरातील स्त्रियांकडे. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले. पुढे कोल्हापुरात सुभाषनगर, जवाहरनगर यांसारख्या भागांत कारागिरांची वस्ती वाढली आणि शहरात 'चप्पल लाईन' उभी राहिली. सीमेपलीकडे निपाणी, अथणी या भागांतही हाच व्यवसाय मोठ्या प्रमाणावर चालतो. किंबहुना 'कोल्हापुरी' म्हणून विकले जाणारे पुष्कळ जोड कर्नाटकातील हातांनी तयार केलेले असतात.

आज या साखळीची पहिलीच कडी कमकुवत झाली आहे. स्थानिक पातळीवर कातडे कमावणारे थोडे उरले असून कारागिराला बराच माल चेन्नईसारख्या दूरच्या ठिकाणांहून आणावा लागतो. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल व वळू यांनाही लागू झाल्यानंतर जाड कातड्याची उपलब्धता आणखी घटली. दुसरीकडे रेक्झिन व कृत्रिम चामड्याच्या, यंत्रावर बनलेल्या स्वस्त चपला त्याच नावाने, त्याच दुकानात, त्याच फळीवर येऊन बसल्या. पर्यटकाला दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. मग स्पर्धा केवळ किमतीवर होते आणि तीत हाताने काम करणारा हरतो.

घोंगडी आणि तिचे गिऱ्हाईक

चपलेच्या बाबतीत कच्चा माल अडला, तर घोंगडीच्या बाबतीत गिऱ्हाईकच नाहीसे झाले. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली येथे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते तेव्हा भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. मेंढपाळ धनगरांच्या दृष्टीने लोकर ही देवाला वाहण्याची संपत्ती होती. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि आखूड असते. तिचे उंची कापड होत नाही, मात्र सह्याद्रीच्या पावसाला तोंड देणारी घोंगडी होते.

मेंढ्यांची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरली जाते. ती पिंजून धनगर स्त्रिया सूत काढतात आणि सनगर समाजातील विणकर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, तीमुळे सूत ताठ राहते आणि वीण घट्ट बसते. रंग मेंढीचाच: काळा, करडा, पांढरा. अशा घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली की शेतकरी दिवसभर पावसात उभा राहू शके. रात्री तीच अंथरूण, तीच पांघरूण. खंडोबाची तळी भरताना, जागरणात, घट बसवताना तिला मान असे.

प्लास्टिकचा कागद आणि रेनकोट आल्यावर शेतकऱ्याची ही गरज संपली. गिरणीचे ब्लँकेट स्वस्त पडू लागले. लोकरीला भाव राहिला नाही तेव्हा मेंढी प्रामुख्याने मांसासाठी पाळली जाऊ लागली. अनेक ठिकाणी लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटेना आणि कातरलेली लोकर टाकून देण्याची वेळ आली. आता शहरांत सेंद्रिय, नैसर्गिक वस्तूंच्या आवडीमुळे घोंगडीला नवा ग्राहक मिळू लागला आहे. योगासनाचे आसन, गालिचा, पिशवी अशा रूपांत ती दिसते. मात्र हा ग्राहक वर्षाला एक वस्तू घेणारा आहे. पावसाळा आला की घरटी घोंगडी घेणाऱ्या शेतकऱ्याची जागा तो भरून काढू शकत नाही.

चांदी, साज आणि बैल

हातकणंगले तालुक्यातीलच हुपरी हे 'चंदेरी नगरी' म्हणून ओळखले जाणारे गाव याहून वेगळी कथा सांगते. येथे पैंजण, तोडे, जोडवी, करदोटे यांचे काम घराघरांत वाटले गेले आहे. कोणी तार ओढतो, कोणी घुंगरू पाडतो, कोणी सांधे जोडतो, कोणी उजळा देतो. एक पैंजण पूर्ण होईपर्यंत अनेक उंबरठे ओलांडतो. एका घराने काम सोडले तरी धंदा थांबत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा. दागिन्याची गरजही टिकून आहे. लग्नात पैंजण-जोडवी आजही लागतात. त्यामुळे हुपरीची कला संग्रहालयात गेली नाही. तिच्यासमोरचे प्रश्न धंद्याचे आहेत: यंत्रावर बनलेला माल, अन्य शहरांतील स्पर्धा आणि चांदीचे चढते दर. २०२५ मध्ये चांदीने दरांचे नवे उच्चांक गाठले तेव्हा तेवढ्याच वजनाच्या मालासाठी लागणारे भांडवल कितीतरी वाढले. त्याचा ताण लहान कारागिरावर सर्वांत आधी येतो.

कोल्हापूरच्या गुजरीत मिळणारा साज हाही याच परंपरेतला. परंपरेनुसार साजाची पाने एकवीस मानली जातात: दशावतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक व पाचू यांची दोन आणि एक डोरले. ज्या घरात साज घडवला जाई, तेथे मत्स्य, कूर्म, वराह ही नावे मुलींना दागिन्यावरून पाठ होत. अवतारांची संपूर्ण चित्रमालिका अशी बायकांच्या गळ्यात मिरवत असे.

कुंभाराचे काम सणांच्या आधाराने उभे आहे. कोल्हापूर भागात बेंदराला मातीच्या बैलांची पूजा होते. नागपंचमीचा नाग, गणेशमूर्ती, दिवाळीच्या पणत्या असे कुंभाराचे वर्ष सणांत विभागलेले असते. रांजण, मडकी, घागरी यांची रोजची मागणी स्टील-प्लास्टिकने संपवली. सणांनी मात्र कुंभाराला हात दिला. यात मातीची जागा बऱ्याच अंशी प्लास्टर ऑफ पॅरिसने घेतली, हा भाग वेगळा.

खुद्द बिद्री परिसराचे म्हणावे असे कौशल्य उसाच्या रसात आहे. गुऱ्हाळातील 'गुळव्या' हा एका अर्थी कारागीरच. काहिलीत उकळणाऱ्या रसातील मळी भेंडीच्या चिकाने वर आणायची, फेस पाहून जाळ कमी-जास्त करायला सांगायचे आणि पाक थेंबभर पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी चाचपायची. काहील उतरवण्याचा क्षण चुकला तर ढेप बसत नाही किंवा काळी पडते. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरी पेठेने या गुळाला देशभर नेले आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. सहकारी कारखान्यांनी शेतकऱ्याला हमीचे गिऱ्हाईक दिले, गुऱ्हाळे मात्र कमी झाली. उरलेल्यांची तक्रार अशी, की बाहेरून येणारा गूळही 'कोल्हापुरी' याच नावाने विकला जातो.

गरज बदलली, हात वळले

कला कधी मरते आणि कधी रूप बदलून जगते, याचे सुंदर उदाहरण मिरजेत आहे. तेथील सतार-तंबोरा घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार व झिलई देणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात संस्थानी फौजांचे दिवस सरले आणि शस्त्रांचे काम आटले. त्याच वेळी मिरजेत गवयांचा राबता वाढत होता. वाद्यांची दुरुस्ती करता करता हे कारागीर वाद्ये बनवू लागले. पंढरपूर परिसरात पिकणारा मोठा, जाड सालीचा कडू भोपळा त्यांना उपयोगी पडला. पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. तंबोऱ्याची जवारी कशी लागली हे सांगणारे जाणते कान कारागिराला शेजारीच मिळाले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

घाटाखाली, सावंतवाडीत, हेच काम राजघराण्याने केले. गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येक गटात बारा, असे १२० पत्ते असतात. छापील पत्ते आल्यावर हा खेळ मागे पडला आणि रंगवणारे हात मोजके उरले. शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चितारींकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच तिचे काम सुरू केले. खेळणारे फारसे उरले नसले तरी संग्राहकांमुळे गंजिफा जगली. त्याच गावच्या चितार आळीतील लाकडी फळे आणि खेळणी घराघरांत पोहोचली.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकेक करून समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा गायची, असा हा प्रकार. येथे चित्र ही अर्धीच कला. उरलेली अर्धी गळ्यात असते. चित्रे कोणत्याही संग्रहालयाला जपता येतील, गायन मात्र शिकवूनच पुढे जाते. २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराच्या आवारातच कलादालन उभे करून कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांसह ही परंपरा चालू ठेवली आहे.

कायदा कशाचे रक्षण करतो?

भौगोलिक निर्देशांक म्हणजे काय, याबद्दल बराच गैरसमज आहे. १९९९ चा कायदा सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या गुणवत्तेमुळे प्रसिद्ध असलेल्या वस्तूचे नाव त्या प्रदेशाबाहेरच्या कोणी वापरू नये, हा त्याचा गाभा. महाराष्ट्रात सोलापुरी चादर, पैठणी, वारली चित्रकला अशा अनेकांना तो मिळाला आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. नोंदणी संस्थेच्या नावे होते. प्रत्यक्ष उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ही दुसरी पायरी अनेक कारागिरांपर्यंत पोहोचतच नाही.

कोल्हापुरी चपलेची नोंदणी २०१८ च्या अखेरीस झाली. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे बाबू जगजीवन राम चर्मोद्योग महामंडळ यांच्याकडे ती संयुक्तपणे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्राचे चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकाचे चार, असे आठ जिल्हे तिच्या कक्षेत येतात. सीमावादात भांडणारी दोन राज्ये एका वहाणेसाठी एकत्र आली, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

या कायद्याची मर्यादा जून २०२५ मध्ये उघड झाली. प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, परंतु त्यांचे मूळ सांगितले नाही. समाजमाध्यमांवर टीकेची झोड उठल्यावर कंपनीने भारतीय परंपरेतून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. जुलैमध्ये तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन गेले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने यासंबंधीची जनहित याचिका फेटाळली. याचिकाकर्ते नोंदणीचे मालक नाहीत, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला. प्राडाने 'कोल्हापुरी' हे नाव वापरले नव्हते, घाट वापरला होता; आणि निर्देशांक मुख्यतः नावाला मिळतो, घाटाला नव्हे. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. सुमारे २,००० जोड भारतातच बनवून घेणे आणि कारागिरांना प्रशिक्षण देणे, असे त्याचे स्वरूप जाहीर झाले.

या प्रकरणात कोल्हापुरीचे नाव जगभर झाले, हे खरे. मात्र दोन हजार जोडांनी आठ जिल्ह्यांतील कारागिरांची चूल पेटत नाही. परदेशी कंपनीच्या अनुकरणाने जेवढा संताप झाला, तेवढा आपल्याच बाजारात आपल्याच नावाने विकल्या जाणाऱ्या रेक्झिनच्या चपलेबद्दल होताना दिसत नाही. कारागिराचे रोजचे नुकसान मात्र ती करते.

फिलिपिन्सचा अनुभव

नावाऐवजी हात जपण्याचा विचार अन्यत्र झाला आहे. सात हजारांहून अधिक बेटांच्या फिलिपिन्समध्येही महाराष्ट्रासारखीच प्रदेशागणिक वेगळी कला आहे. उत्तरेकडील इलोकोस भागात सुती हातमाग, इफुगाओ डोंगराळ प्रदेशात धान्यरक्षक देवतांच्या लाकडी मूर्ती, अक्लान प्रांतातील कालिबो येथे अननसाच्या पानांच्या तंतूंपासून विणलेले तलम 'पिन्या' कापड, दक्षिणेकडील मिंदानाओ बेटावर त्बोली जमातीच्या स्त्रियांनी अबाका केळीच्या तंतूंपासून विणलेले 'त्'नालाक'. यांतील नक्षी स्वप्नात दिसते, अशी त्या विणकर स्त्रियांची श्रद्धा.

कोल्हापूरशी तुलना करावी असे एक शहरही तेथे आहे. मनिलाजवळचे मारिकिना हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पादत्राणांसाठी प्रसिद्ध झाले. घरोघरी चालणारा हा धंदा विसाव्या शतकाच्या शेवटी स्वस्त आयात मालापुढे खचला. नुसत्या कीर्तीने धंदा वाचत नाही, हा धडा त्या शहरानेही घेतला आहे.

फिलिपिन्सने १९९२ मध्ये वेगळा कायदा केला. पारंपरिक कलेत असामान्य प्रावीण्य असलेल्या व्यक्तीला राष्ट्रीय सन्मान आणि नियमित मानधन द्यायचे. त्या बदल्यात तिने आपली विद्या पुढच्या पिढीला शिकवायची, अशी ही योजना. त्'नालाक विणणाऱ्या लांग दुलाय यांना १९९८ मध्ये हा सन्मान मिळाला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले, परंतु त्यांच्या हाताखाली शिकलेल्या स्त्रिया माग चालवीत आहेत. याला जोडून गावोगावी परंपरेच्या शाळा चालवल्या जातात. जाणती माणसे तेथे मुलांना शिकवतात. जपानने १९५० च्या कायद्याने हाच मार्ग आधी चोखाळला होता.

भारतातही राष्ट्रीय पुरस्कार आहेत, 'शिल्पगुरू' किताब आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभार, चर्मकार, लोहार, सुतार, बुरूड आदी १८ व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत कर्ज देण्याची तरतूद आहे. हे साहाय्य उपयुक्त आहे. मात्र कर्ज हे धंद्याला मिळते. शिकवणाऱ्याला शिकवल्याबद्दल नियमित काही मिळावे, ही कल्पना आपल्याकडे अजून नीट रुजलेली नाही.

शिकणारे हात कोठून येणार?

येथे एका अवघड वास्तवाकडे डोळेझाक करता येत नाही. आपल्या बहुतेक हस्तकला जातीला बांधलेल्या होत्या. बलुतेदारीत कारागिराला सुगीला धान्य मिळे, त्याबरोबर गावकुसाबाहेरची वागणूकही मिळे. वहाणेचे कौतुक झाले, ती करणाऱ्याला मात्र ओसरीवरही घेतले गेले नाही. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द केली ती माणसाला जन्माच्या कामातून मोकळे करण्यासाठीच. त्यामुळे चर्मकाराचा किंवा ढोराचा मुलगा रापी ठेवून शाळेत गेला, नोकरीला लागला, तर त्यात हळहळण्याचे कारण नाही. परंपरा टिकावी म्हणून त्याने कुंडातच उभे राहावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

खरा प्रश्न वेगळा आहे. ज्याला हे काम स्वेच्छेने करायचे आहे, त्याला ते सन्मानाने आणि पोटभर मिळकतीने करता येते काय? आणि दुसऱ्या जातीतील मुलाला किंवा मुलीला ते शिकावेसे वाटले तर शिकण्याची सोय आहे काय? सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा वाचली ती घराण्याबाहेरच्यांनी कुंचला हाती घेतला म्हणून. मिरजेत शस्त्रांवर काम करणारे हात वाद्यांकडे वळले, कारण नवे गिऱ्हाईक दाराशी आले होते. विद्या जातीबाहेर गेली आणि काम नव्या गरजेला जोडले गेले, तेथे कला तगली.

शहरी ग्राहकाचा वाटाही यात लहान नाही. कोल्हापुरी घेताना तळ पाहावा, शिलाई वादीची आहे की यंत्राची हे विचारावे, कातडे कशाने कमावले आहे याची चौकशी करावी. अस्सल जोडाला आठवडे लागतात, तेव्हा तो फुटपाथवरच्या भावात मिळणार नाही, हे समजून घ्यावे. घासाघीस करताना जी रक्कम आपण वाचवतो, ती बहुधा व्यापाऱ्याच्या नफ्यातून जात नाही. ती वेणी घालणाऱ्या बाईच्या मजुरीतून जाते. झिजलेला तळ बदलून घेता येतो, सुटलेली शिवण पुन्हा घालता येते. दुरुस्तीच्या या कामावर गल्लोगल्लीचे कारागीर जगत आले आहेत.

महामंडळांनी आणि शासनानेही निर्देशांकाच्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नये. बाभूळ-हिरड्याने कातडे कमावणारी स्थानिक केंद्रे, लोकर खरेदीची व्यवस्था, अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक कारागिराची नोंद, नकली मालावर प्रत्यक्ष कारवाई आणि शिकवणाऱ्याला मानधन, ही कामे प्रदर्शनांइतकी देखणी नाहीत. परंतु बिद्री-कापशीच्या परिसरात आणखी पंचवीस वर्षांनी 'कापशी' हा शब्द एखाद्या घडत्या वहाणेचा असेल की केवळ दुकानाच्या पाटीवरचा, हे याच कामांवर ठरणार आहे.